३७,१२७ डॉलरचा संघ

१९९१ साली अमेरिकेतल्या ब्राऊन विद्यापीठाने आपल्या चार संघांचे पैसे थांबवले. मुलींचा व्हॉलीबॉल, मुलींचं जिम्नॅस्टिक्स, मुलांचा वॉटर पोलो आणि मुलांचं गोल्फ. यातून वर्षाला साधारण ७७,८०० डॉलर वाचतील असा विद्यापीठाचा अंदाज होता. त्यात व्हॉलीबॉलचा वाटा ३७,१२७ डॉलरचा. हा आकडा एका कोपऱ्यात लिहून ठेवा, कारण या लेखाचा बराचसा भाग त्या आकड्यात काय होतं आणि काय नव्हतं याबद्दल आहे.

विद्यापीठाचा इतिहास लिहायचा म्हटलं की आपण कुलगुरूंच्या भाषणांकडे, अभ्यासक्रमाच्या वादांकडे, फार तर विद्यार्थी आंदोलनांकडे वळतो. क्रीडा विभागाच्या फायली कुणी मागत नाही. मला मात्र मुलींचा व्हॉलीबॉल संघ हा विद्यापीठ समजून घेण्याचा फार सोयीचा नमुना वाटतो. तो लहान असतो. बारा-पंधरा खेळाडू, एक मुख्य प्रशिक्षक, एक-दोन सहायक, एक हॉल. पण त्या लहानशा संघात नोकरभरती आहे, पगार आहे, शिष्यवृत्ती आहे, प्रवेशप्रक्रिया आहे, परीक्षा आहे. फुटबॉलसारखा पैशांचा डोंगर नसल्यामुळे प्रत्येक निर्णय उघडा दिसतो. पीएचडीचा विषय शोधत असाल तर 'लहान पण पूर्ण' अशी गोष्ट शोधा, असं मी नेहमी सांगते ते यासाठीच.

आधी थोडी पार्श्वभूमी. आपल्याकडे कॉलेजचा संघ म्हणजे जिमखान्याची फी, क्रीडा संचालक, आंतरमहाविद्यालयीन सामने आणि त्यातून निवडलेला विद्यापीठाचा संघ. अमेरिकेत मधे एक जाड रेघ असते. रेघेच्या वर 'व्हर्सिटी' संघ: विद्यापीठाच्या पैशाने चालणारा, पगारी प्रशिक्षक असलेला. रेघेच्या खाली 'क्लब': मुलामुलींनी आपल्या हौसेने, आपल्या वर्गणीने चालवलेला. खेळ तोच, नेट तेवढ्याच उंचीवर, पण दर्जा वेगळा. ब्राऊनने चार संघ बंद केले नव्हते हे इथे लक्षात घ्या. त्यांना रेघेच्या खाली ढकललं होतं. खेळायचं तर खेळा, इतर विद्यापीठांच्या संघांशीसुद्धा खेळा, फक्त पैसे देणगीदारांकडून आणा.

दुसरी पार्श्वभूमी कायद्याची. १९७२ साली अमेरिकेत 'टायटल नाइन' नावाचं कलम आलं. केंद्र सरकारचा पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत लिंगावरून भेदभाव करता येणार नाही, एवढंच ते म्हणतं. खेळाचा त्यात उल्लेखही नाही. खेळ त्यात आला १९७५ च्या नियमांतून आणि १९७९ च्या एका सरकारी अर्थनिर्णयातून. या अर्थनिर्णयात तीन वाटा दिल्या होत्या आणि संस्थेने त्यातली कुठलीही एक पूर्ण केली तरी चालत असे. पहिली, खेळाडूंमधलं मुलींचं प्रमाण विद्यार्थ्यांमधल्या मुलींच्या प्रमाणाच्या आसपास असणं. दुसरी, मुलींसाठीच्या खेळांचा सातत्याने विस्तार करत आल्याचा इतिहास असणं. तिसरी, मुलींची आवड आणि क्षमता आहे तेवढी पूर्णपणे सामावून घेतलेली असणं.

इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी दुसऱ्या वाटेवर जरा थांबावं. कायद्याने इथे चक्क इतिहास हाच निकष केला आहे. संस्थेला कोर्टात उभं राहून आपला इतिहास सिद्ध करावा लागतो! ब्राऊनचा इतिहास असा होता: १९७१ मध्ये पेम्ब्रोक हे मुलींचं कॉलेज ब्राऊनमध्ये विलीन झालं. त्यानंतर भराभर संघ वाढले आणि १९७७ पर्यंत मुलींचे १४ व्हर्सिटी संघ झाले. पुढे १९८२ मध्ये हिवाळी ट्रॅक आला. आणि मग काही नाही. सत्तरच्या दशकात विस्तार केला होता हे खरं, पण 'सातत्याने' हा शब्द १९९१ साली काही त्याला लागू होईना. एखादी संस्था आपल्या सुवर्णकाळाबद्दल बोलायला लागली की तारखा एका ओळीत लिहून काढा. मधली रिकामी वर्षं लगेच दिसतात.

खेळाडू मुली कोर्टात गेल्या. 'कोहेन विरुद्ध ब्राऊन विद्यापीठ' या नावाने हा खटला ओळखला जातो. विद्यापीठाचं एक म्हणणं वरवर अगदी रास्त वाटतं: आम्ही दोन मुलींचे संघ काढले, दोन मुलांचे काढले, यात भेदभाव कुठे? आता आकडे बघा. १९९०-९१ मध्ये व्हर्सिटी संघांत ५६६ मुलगे आणि ३२८ मुली होत्या. म्हणजे मुली ३६.७ टक्के. विद्यार्थ्यांमध्ये मुली साधारण ४८ टक्के. कपातीनंतर खेळाडू मुलींचं प्रमाण ३६.६ टक्के झालं, म्हणजे जवळपास हललंच नाही. आणि पैशाचं काय? वाचणाऱ्या रकमेपैकी ६२,००० च्या वर डॉलर मुलींच्या दोन संघांचे होते, मुलांच्या दोन संघांचे १६,००० सुद्धा नाहीत. संघांची संख्या मोजली तर बरोबरी, डोकी मोजली तर जैसे थे, पैसे मोजले तर चौपट ओझं मुलींवर. एकाच निर्णयाची ही तीन वर्णनं आहेत आणि तिन्ही खरी आहेत. विद्यापीठाने अर्थातच पहिलं निवडलं.

आता त्या ३७,१२७ कडे येऊ. क्लब झाल्यावर संघाचं नेमकं काय गेलं, याची यादी अपील कोर्टाच्या १९९३ च्या निकालात आहे. पगारी प्रशिक्षक, चांगल्या जागा, सरावाच्या सोयीच्या वेळा, दुखापतीकडे बघणारे ट्रेनर, कारकुनी मदत, ऑफिस, आणि प्रवेशातलं प्राधान्य. शेवटचा मुद्दा पुन्हा वाचा. ब्राऊन हे आयव्ही लीगमधलं विद्यापीठ आहे आणि आयव्ही लीगमध्ये खेळासाठी शिष्यवृत्ती दिली जात नाही. म्हणजे ३७,१२७ मध्ये शिष्यवृत्तीचा एक डॉलरही असू शकत नाही. तिथे खेळाडूला मिळणारी खरी मोलाची गोष्ट म्हणजे प्रवेश. प्रशिक्षकाने 'ही मुलगी मला हवी आहे' असं सांगितलं की प्रवेश समिती तो अर्ज वेगळ्या नजरेने बघते. या गोष्टीला हिशेबाच्या वहीत किंमत नाही. तिचा खर्च शून्य. म्हणून ती काढून घेतली तरी बचतीच्या आकड्यात दिसत नाही.

माझ्या मते संपूर्ण प्रकरणातली कळीची जागा हीच आहे. पगारी प्रशिक्षक गेला की शाळाशाळांतून फिरून खेळाडू शोधणारं कुणी राहत नाही. प्रवेशातलं प्राधान्य गेलं की शोधलेली खेळाडू आत येईलच याची खात्री नाही. असलेल्या मुली चार वर्षांत पदवी घेऊन बाहेर पडतात. मग उरतो तो हौशी संघ, सामने हरणारा. आणि त्या वेळी कुणी सर्वेक्षण केलं तर निष्कर्ष काय येणार? मुलींना व्हॉलीबॉलमध्ये फारसा रस नाही! ब्राऊनने खटल्यात आवडीचा मुद्दा खरंच मांडला होता: मुलींना मुलांइतका खेळात रस नसतो, तेव्हा प्रमाण कमी असणारच. १९९६ च्या निकालात अपील कोर्टाने तो मान्य केला नाही. आवड आणि क्षमता हवेत तयार होत नाहीत, संधी आणि अनुभव मिळतो तशी ती घडते, असा त्या युक्तिवादाचा गाभा होता. समाजशास्त्राच्या मुलांना हे वाक्य घासून गुळगुळीत झालेलं वाटेल. पण ते बजेटच्या कागदाशेजारी ठेवून वाचलं की जिवंत होतं.

१९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायला नकार दिला आणि १९९८ मध्ये तडजोड झाली. खेळाडू मुलींचं प्रमाण विद्यार्थ्यांमधल्या मुलींच्या प्रमाणापासून साडेतीन टक्क्यांपेक्षा जास्त लांब जाऊ द्यायचं नाही, असं ब्राऊनने कबूल केलं. व्हॉलीबॉल आणि जिम्नॅस्टिक्स पुन्हा रेघेच्या वर आले.

प्रशिक्षक कोण, हा प्रश्न वेगळा काढायला हवा. व्हिव्हियन अकोस्टा आणि लिंडा कार्पेंटर या दोन अभ्यासकांनी अमेरिकन कॉलेजांतल्या मुलींच्या खेळांचं सर्वेक्षण अनेक दशकं चालवलं. त्यांच्या नोंदीप्रमाणे १९७२ मध्ये मुलींच्या संघांचे ९० टक्क्यांहून जास्त प्रशिक्षक स्त्रिया होत्या. २०१४ मध्ये हे प्रमाण ४३.४ टक्के. संधी वाढवणारा कायदा आला आणि स्त्री प्रशिक्षकांचा वाटा निम्म्याहून खाली गेला. असं का झालं असेल?

उत्तरापूर्वी छेद तपासा. १९७० मध्ये एका कॉलेजात मुलींचे सरासरी अडीच संघ होते. २०१४ मध्ये ८.८३. म्हणजे जागा तिपटीहून वाढल्या. स्त्री प्रशिक्षकांची प्रत्यक्ष संख्या घटली, असं या टक्केवारीवरून म्हणता येणार नाही. वाढलेल्या जागांपैकी मोठा वाटा पुरुषांकडे गेला, एवढंच म्हणता येतं. आणि तो का गेला हे कळायला 'आधीची जागा' म्हणजे काय होती ते बघावं लागतं. १९७२ च्या आधी मुलींच्या संघाला शिकवणं हे बहुतेक ठिकाणी शारीरिक शिक्षणाच्या बाईंचं जादाचं काम होतं. पगार अध्यापनाचा, संघ त्याच्या जोडीला. मुलींच्या खेळांची स्वतंत्र संघटना १९७१ मध्ये सुरू झाली तेव्हा तिचा शिष्यवृत्तीलाच विरोध होता. खेळ शिक्षणाचा भाग राहावा, मुलांच्या खेळात शिरलेला बाजार इथे नको, ही त्यामागची भूमिका. १९७३ मध्ये टेनिस खेळाडूंनी दावा केला आणि ती बंदी सोडावी लागली. पुढे पैसे आले, पूर्णवेळ पगार आला, 'करिअर' म्हणावं असं पद तयार झालं, आणि त्या पदासाठी पुरुष अर्ज करू लागले. १९८१ मध्ये मुलांचे खेळ चालवणाऱ्या एनसीएए या संघटनेने मुलींच्या राष्ट्रीय स्पर्धा सुरू केल्या आणि वर्षभरात मुलींची जुनी संघटना संपली. कामाला पैसा आणि प्रतिष्ठा मिळाली की ते काम कुणाचं होतं हे विसरलं जातं. आपल्याकडे स्वयंपाकघरातली बाई आणि हॉटेलातला शेफ यांची तुलना करतात, तीच गोष्ट.

व्हॉलीबॉलपुरतं बोलायचं तर एनसीएएच्या पहिल्या श्रेणीची पहिली महिला स्पर्धा १९८१ मध्ये झाली. स्त्री मुख्य प्रशिक्षकाच्या हाताखालच्या संघाने ती पहिल्यांदा जिंकली २०२४ च्या डिसेंबरमध्ये. पेन स्टेट विद्यापीठाच्या केटी शूमाकर-कॉली त्या प्रशिक्षक. अंतिम सामन्यात समोरच्या लुईव्हिल संघाच्या प्रशिक्षकही स्त्रीच होत्या, त्यामुळे त्या रात्री कुणीही जिंकलं असतं तरी हा इतिहास घडणारच होता. पण मधली ४३ वर्षं गेली ती गेलीच.

प्रशिक्षकाने तोंड उघडलं तर काय होतं याचंही एक व्हॉलीबॉलचंच उदाहरण आहे. कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नो स्टेट विद्यापीठात लिंडी व्हिव्हास या मुलींच्या व्हॉलीबॉल संघाच्या प्रशिक्षक होत्या, तिथल्या सर्वाधिक विजय मिळवणाऱ्या. मुलींच्या संघांना मिळणाऱ्या वागणुकीबद्दल त्यांनी तक्रारी केल्या होत्या. २००४ च्या अखेरीस त्यांचा करार पुढे चालू ठेवला गेला नाही. विद्यापीठाने दिलेली कारणं: तगड्या संघांशी सामने ठरवले नाहीत, स्पर्धेच्या पुढच्या फेऱ्यांत यश नाही, प्रेक्षक वाढवले नाहीत. त्या कोर्टात गेल्या. २००७ च्या जुलैमध्ये ज्युरीने त्यांना ५८.५ लाख डॉलर द्यायला सांगितले, न्यायाधीशांनी ती रक्कम पुढे ४५.२ लाखांवर आणली. कारणांच्या यादीतलं 'प्रेक्षक वाढवले नाहीत' हे तुम्हाला कसं वाटतं? जाहिरातीचा खर्च, हॉलच्या वेळा, तिकीटविक्रीची माणसं यातलं किती प्रशिक्षकाच्या हातात असतं? एखाद्या कर्मचाऱ्याच्या मूल्यमापनाचा कागद हाती आला तर प्रत्येक निकषापुढे 'हे कुणाच्या हातात होतं' असं लिहून बघा.

अभ्यासाच्या बाजूबद्दल थोडक्यात सांगते, कारण ती बाजू बरीच यांत्रिक आहे. एनसीएएने २००३-०४ पासून प्रत्येक संघाची 'शैक्षणिक प्रगती' मोजायला सुरुवात केली. शिष्यवृत्तीवरच्या प्रत्येक खेळाडूला दर सत्राला दोन गुण: एक अभ्यासात पात्र राहिल्याचा, एक विद्यापीठ न सोडल्याचा. मिळालेले गुण भागिले शक्य असलेले गुण, गुणिले १०००. चार वर्षांची सरासरी ९३० च्या खाली गेली तर शिक्षा. आता व्हॉलीबॉल संघात बारा शिष्यवृत्त्या धरा (२०२५ च्या आधीची पहिल्या श्रेणीची कमाल मर्यादा तीच होती). दोन सत्रांचे मिळून ४८ गुण होतात. तीन गुण गेले तर त्या वर्षाचा आकडा ९३८. चौथा गेला की ९१७. फुटबॉलमध्ये ८५ शिष्यवृत्त्या असत, म्हणजे ३४० गुण. तिथे तेच चार गुण गेले तर ९८८, कुणाला पत्ताही लागत नाही. सूत्र एकच, पण लहान संघात एका मुलीने घरच्या अडचणीमुळे कॉलेज सोडलं तर आकडा हलतो. त्यात व्हॉलीबॉलचा हंगाम ऑगस्टअखेरीपासून सुरू होतो आणि राष्ट्रीय स्पर्धा येते डिसेंबरमध्ये, नेमकी सत्रपरीक्षांच्या तोंडावर. दोन विद्यापीठांचे आकडे शेजारी ठेवून 'इथल्या मुली अभ्यासात मागे' असं लिहिण्याआधी हे गणित करा. एका वर्षाच्या आकड्यावरून लहान संघाबद्दल काहीही लिहू नये, असं माझं ठाम मत आहे.

आता दुसरं प्रकरण. हे वाचताना मला सारखी आपल्याकडची पटपडताळणी आठवत होती. २०११ च्या ऑक्टोबरमध्ये राज्यभरातल्या शाळांत एकाच वेळी मुलं मोजली गेली आणि कागदावरचा पट आणि वर्गातली डोकी यांच्यातला फरक बाहेर आला. मोजणीचा दिवस आधी कळला तर पट कसा फुगवता येतो, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

कनेक्टिकट राज्यातल्या क्विनिपियाक या खासगी विद्यापीठाने २००९ च्या मार्चमध्ये मुलींचा व्हॉलीबॉल संघ बंद करण्याचं जाहीर केलं. मुलांचं गोल्फ आणि मैदानी ट्रॅकही. कारण पैशांची कपात. त्याचबरोबर 'स्पर्धात्मक चिअर' हा मुलींचा नवा व्हर्सिटी संघ सुरू होणार होता. लहान संघ बंद, मोठा सुरू. कागदावर मुलींची संख्या वाढते. पाच खेळाडू आणि प्रशिक्षक रॉबिन स्पार्क्स कोर्टात गेले. इथे प्रशिक्षक खेळाडूंच्या बाजूने वादी म्हणून उभ्या आहेत, हे ब्राऊनच्या खटल्यापेक्षा वेगळं.

न्यायाधीश स्टीफन अंडरहिल यांच्यासमोर जे आलं ते पटाचंच होतं. खेळाडूंची संख्या सरकारला कळवायची ती हंगामातल्या पहिल्या सामन्याच्या दिवसाची. त्या दिवसाआधी मुलांच्या काही संघांतून खेळाडू कमी केले जायचे आणि तो दिवस गेला की परत घेतले जायचे. मुलींच्या संघांत उलट: त्या दिवसापुरत्या मुली भरायच्या, नंतर वगळायच्या. मे २००९ मध्ये व्हॉलीबॉल बंद करायला कोर्टाने तात्पुरती मनाई केली ती याच आधारावर.

२०१० च्या सुनावणीत मोजणी आणखी बारकाईने झाली. क्रॉस-कंट्री धावणाऱ्या मुलींना इनडोअर आणि मैदानी ट्रॅकच्या संघांतही असणं सक्तीचं होतं, म्हणजे एक मुलगी तीन वेळा मोजली जायची. तीन हंगाम खरोखर धावणारी मुलगी तीनदा मोजायला नियमांची हरकत नाही. पण त्यातल्या ११ जागा नावापुरत्या आहेत असं ठरवून कोर्टाने त्या वजा केल्या. चिअरच्या ३० जागाही वजा झाल्या, कारण त्या वेळी त्या प्रकाराला ठरलेले एकसारखे नियम नव्हते, बाहेर जाऊन खेळाडू निवडण्याची पद्धत नव्हती आणि समोरचे संघही एका दर्जाचे नव्हते. तो खेळ सोपा आहे असं कोर्टाने म्हटलं नाही. तशा मथळ्याच्या बातम्या आल्या तेव्हा त्या मुलींवर अन्याय झाला असं मला वाटतं. पुढे २०२० मध्ये त्याच्या जवळच्या 'अॅक्रोबॅटिक्स अँड टंबलिंग' या खेळाला एनसीएएने उदयोन्मुख खेळांच्या यादीत घेतलंही.

उरलेलं गणित तुम्हीच करा. मुली २७४ होत्या. ४१ वजा केल्या की २३३. मुलगे १६७. एकूण ४००, म्हणजे मुली ५८.२५ टक्के. विद्यापीठात मुलींचं प्रमाण होतं ६१.८७ टक्के. फरक ३.६२. वरवर बघता हा फरक किरकोळ वाटतो. पण १६७ मुलगे जर ३८.१३ टक्के व्हायचे असतील तर एकूण खेळाडू ४३८ लागतात, म्हणजे मुली २७१. कमी पडणाऱ्या मुली ३८. एवढ्या मुलींत व्हॉलीबॉलचे दोन संघ सहज होतात. टक्क्यात लहान दिसणारा फरक माणसांत उलगडला की त्याचा आकार कळतो. जुलै २०१० चा हा निकाल अपील कोर्टाने ऑगस्ट २०१२ मध्ये कायम केला. २०१३ च्या तडजोडीत व्हॉलीबॉलसह मुलींचे सगळे संघ ठेवणं, शिष्यवृत्त्या वाढवणं आणि मुलींच्या संघांच्या कायमस्वरूपी सोयींवर किमान ५० लाख डॉलर खर्च करणं विद्यापीठाने मान्य केलं.

तुम्हाला असं काही शोधायचं असेल तर साधनं घरबसल्या मिळतात. १९९४ च्या कायद्यानुसार अमेरिकेतल्या विद्यापीठांना दरवर्षी खेळाडू, प्रशिक्षक, खर्च यांची माहिती जाहीर करावी लागते आणि ती शिक्षण खात्याच्या संकेतस्थळावर खुली आहे. ती वापरताना तीन गोष्टींकडे बघा. प्रशिक्षकांचे पगार तिथे मुलींच्या सगळ्या संघांची एकत्र सरासरी म्हणून येतात, त्यामुळे व्हॉलीबॉलच्या प्रशिक्षकाला किती मिळतं ते कळत नाही. सरकारी विद्यापीठ असेल तर करार मागवता येतो, खासगी असेल तर करसवलतीसाठी भरायच्या फॉर्म ९९० मध्ये फक्त वरच्या पगारांची नावं असतात. दुसरं, मुलींबरोबर सराव करणारे मुलगेही मुलींच्या संघाचे खेळाडू म्हणून मोजलेले असू शकतात, तळटीप वाचल्याशिवाय आकडा उचलू नका. तिसरं, अनेक लहान संघांचं उत्पन्न आणि खर्च डॉलरपर्यंत सारखे दिसतात. हा चमत्कार नाही. तूट विद्यापीठ स्वतः भरतं आणि ती भर 'उत्पन्न' म्हणून लिहिली जाते. शिष्यवृत्तीचंही तसंच: क्रीडा विभागाने खेळाडूची फी भरली असं लिहायचं, पण ती फी जमा होते त्याच विद्यापीठाच्या दुसऱ्या खात्यात. वर्गात एक जागा रिकामी राहणारच असेल तर तिथे एक खेळाडू बसवण्याचा खरा खर्च छापील फीपेक्षा कितीतरी कमी असतो. संघ 'तोट्यात' आहे असं कुणी म्हणालं की विचारा, या रकमेतला किती पैसा विद्यापीठाच्या फाटकाबाहेर गेला?

आणि एक गोष्ट साधनांच्या स्वभावाबद्दल. ब्राऊन आणि क्विनिपियाकबद्दल आपल्याला इतकं बारीक कळतं ते खटले झाले म्हणून. कोर्टाने कागद मागवले, शपथेवर प्रश्न विचारले, म्हणून ३७,१२७ हा आकडा छापला गेला. जिथे मुलींनी निमूटपणे दुसरं कॉलेज धरलं, किंवा प्रशिक्षक बाईंनी नवी नोकरी शोधली, तिथल्या फायली तशाच बंद आहेत. आपल्याकडे या विषयावर काम करायचं असेल तर २००५ चा माहिती अधिकार कायदा सरकारी आणि अनुदानित संस्थांना लागू आहे. जिमखान्याच्या नावाने किती फी जमा झाली, मुलींच्या संघांच्या प्रवासावर, गणवेशावर, प्रशिक्षकाच्या मानधनावर किती गेली, हे वर्षवार मागता येतं. अर्ज करताना 'माहिती द्या' असं मोघम लिहू नका. कुठल्या वर्षाचं कुठलं रजिस्टर हवं ते लिहा.

ब्राऊनची गोष्ट १९९८ ला थांबली नाही. २०२० च्या मे महिन्यात विद्यापीठाने पुन्हा एकदा संघांची फेररचना जाहीर केली, ११ व्हर्सिटी संघ क्लब केले. मुलांच्या ट्रॅकवरून गदारोळ झाल्यावर तो थोड्याच दिवसांत परत आला. मुलींच्या बाजूचे वकील जुना करार घेऊन कोर्टात गेले आणि सप्टेंबरमध्ये नवी तडजोड झाली: मुलींचे घोडेस्वारी आणि तलवारबाजीचे संघ पूर्ववत करायचे, आणि बदल्यात १९९८ च्या कराराला मुदत घालायची. ती मुदत ३१ ऑगस्ट २०२४ ला संपली. आता ब्राऊनला साडेतीन टक्क्यांचं बंधन नाही, देशभरच्या इतर विद्यापीठांसारखा फक्त मूळ कायदा लागू आहे. २०२४-२५ पासूनचे त्यांचे आकडे दरवर्षी त्या सरकारी संकेतस्थळावर येतील, खेळाडूंचे, प्रशिक्षकांचे आणि खर्चाचे. पहिली वही उघडाल तेव्हा १९९१ ची शेजारी ठेवा.